रंगारी दुसऱ्या मजल्यावरून पडला होता

एका रविवारी उपासना संपवून घरी येताना रंगाऱ्याची बायको म्हणाली, "अहो, दरवर्षी तुम्ही एकेक मजला वर चढताय. आज पाचव्यावरून पडलात. त्या इमारतीला मजलेच चार होते."

रंगारी हसला. बायको चेष्टा करतेय असं त्याला वाटलं. होतीच ती चेष्टा, पण बायकोच्या चेष्टेत किती खरं असतं हे लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाला कळायला हवं होतं.

तो पडला होता ही गोष्ट मात्र सोळा आणे खरी. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. बाहेरच्या भिंतींच्या कामात त्याचा हात धरणारा टोळीत कुणी नव्हता. खिडकीच्या चौकटीला लागून तो ब्रशनं अशी रेघ ओढायचा की जणू पट्टी लावून ओढलीय. तोंडही ब्रशाइतकंच झपाझप चालायचं. सकाळी रंगाचा डबा उघडल्यापासून संध्याकाळी हात रॉकेलनं धुवेपर्यंत त्याची बडबड सुरू असे. जन्मानं तो ख्रिस्ती, पण नावापुरता. लग्न आणि अंत्यविधी सोडले तर चर्चच्या दाराशी त्याचा फारसा संबंध नव्हता. बायको दोन्ही मुलींना घेऊन दर रविवारी जायची, आणि हा घरी पाय पसरून झोपायचा.

त्याच टोळीत एक रंगारी होता, याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. त्याला सगळे मौनी म्हणत. दिवसाला दहा शब्द बोलला की अकरावा उद्यासाठी ठेवायचा, असा तो माणूस. रंगाऱ्याला त्याची टिंगल करायला फार आवडे. मौनी भिंतीशी बोलतो आणि भिंतही त्याला कंटाळते, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचा. मौनी ऐकून घ्यायचा आणि भिंत खरवडायची आपली पत्री फिरवत राहायचा.

ज्या दिवशी अपघात झाला, त्या सकाळी दोघांनी मिळून दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर परांचीला फळी बांधली. डावीकडची गाठ मौनीनं मारली, उजवीकडची रंगाऱ्यानं. जेवायची सुट्टी होत आली होती. रंगाऱ्यानं दोराला एकच वेढा दिला, दुसरा जेवून आल्यावर देऊ म्हणाला आणि खाली उतरला. जेवण झालं, गप्पा झाल्या, आणि कुणाचीतरी नक्कल करत करतच तो पुन्हा फळीवर चढला. दुसऱ्या वेढ्याचं त्याच्या डोक्यातून साफ गेलं होतं. फळीचं उजवं टोक निसटलं आणि रंगारी डब्यासकट खाली आला. खाली बांधकामाच्या वाळूचा ढीग होता म्हणून जीव वाचला. कंबरेचं हाड मात्र ढिगाच्या कडेला, घट्ट जमिनीवर आपटलं, आणि उजवं मनगट अंगाखाली सापडलं.

संध्याकाळी मुकादम दवाखान्यात आला. कसं काय वाटतंय वगैरे विचारून झाल्यावर त्यानं कामाचं विचारलं, उजवीकडची गाठ कुणाची होती? रंगाऱ्याच्या डोळ्यांसमोर काजवे चमकत होते, पण इतकं त्याला कळत होतं की चूक आपली निघाली तर या टोळीत पुन्हा कुणी उभं करणार नाही. तो म्हणाला, "मौनीची." मुकादमानं मान हलवली आणि तो गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मौनी आला. हातात दाढीचं सामान होतं. रंगाऱ्याला वाटलं, आता हा जाब विचारणार. त्यानं डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. मौनी स्टुलावर बसला, वाटीत पाणी घेतलं, ब्रशानं फेस केला आणि म्हणाला, "तोंड इकडे कर." एका हातानं दाढी करता येत नाही, हे त्या वॉर्डमध्ये त्याच्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून तो एक दिवसाआड येऊ लागला. दाढी करायचा, उशी सरळ करायचा, बसायचा आणि जायचा. दुपारच्या वेळी तुला सुट्टी कशी मिळते, असं रंगाऱ्यानं एकदा विचारलं तर म्हणाला, सध्या दुपारी मोकळाच असतो.

पुढं टोळीतला दुसरा एक जण भेटायला आला तेव्हा रंगाऱ्याला कळलं की मुकादमानं मौनीला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं होतं. म्हणजे हा माणूस काम गेल्यावर, ज्याच्यामुळे काम गेलं त्याचीच दाढी करायला येत होता. आणि उजवी गाठ कुणाची हे जगात दोघांनाच माहीत होतं.

त्यानंतर मौनी आला तेव्हा रंगाऱ्यानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. गाल पुसून घेताना फक्त एवढंच विचारलं, तू का येतोस? मौनीनं वाटीतलं पाणी हलवलं. मग तो बोलला, आणि त्याच्या तोंडून एका दमात इतकं बोलणं रंगाऱ्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

"माझी मुलगी तापानं गेली. सात वर्षांची होती. त्यानंतर मी दोन वर्षं देवाशी बोललो नाही. बायको चर्चला जायची, मी बाहेर कट्ट्यावर थांबायचो. एक दिवस पाय फार दुखत होते म्हणून आत जाऊन बसलो. कुणी काही विचारलं नाही. मला रडू आलं, तरी कुणी काही विचारलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं नुसता हात धरला. मला वाटलं, प्रभूनंच धरला. तेव्हापासून मी आत बसतो. दुसरं काही मला सांगता येत नाही."

एवढं बोलून त्यानं वस्तरा धुतला आणि तो निघून गेला.

रंगाऱ्यानं आयुष्यात उपदेश काही कमी ऐकले नव्हते. लग्नात ऐकले होते, मयतीत ऐकले होते, आणि सगळे या कानानं ऐकून त्या कानानं सोडले होते. पण पाय दुखले म्हणून आत गेलो, हे वाक्य काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना. कुणी थोर माणूस देवाकडे वळला, हे तो समजू शकत होता. पण दुखऱ्या पायांनी वळता येत असेल तर मग आपल्यालाही वळायला हरकत नाही, असं त्याला वाटलं. त्या दुपारी, बायको बाहेर औषध आणायला गेली असताना, तो तोंड भिंतीकडे करून रडला आणि लहानपणी पाठ केलेली प्रार्थना त्यानं पहिल्यांदा मनापासून म्हटली.

सहा महिन्यांनी काठी टेकत तो चर्चमध्ये उभा राहिला आणि देवानं आपल्याला कसं उचललं याची त्यानं सगळ्यांसमोर साक्ष दिली. बोलणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. लोक हसले, रडले, पाळकांनी त्याला मिठी मारली. मग शेजारच्या चर्चच्या मंडळीनं बोलावलं, मग तिच्या शेजारच्या. वर्षं गेली, तो पुन्हा ब्रश धरू लागला, स्वतःची छोटी टोळी केली, मुली मोठ्या झाल्या, आणि साक्षही मोठी होत गेली. दुसऱ्याचा तिसरा मजला झाला तो एका मोठ्या सभेत, जिथं मागच्या रांगेतले लोक चुळबुळ करत होते. तिसऱ्याचा चौथा कसा झाला हे त्यालाही आठवत नव्हतं. वाळूचा ढीग हळूहळू कमी झाला आणि शेवटी नाहीसाच झाला. मौनी मात्र कायम राहिला, 'दाढी करणारा एक भाऊ' म्हणून. आणि फळीपाशी आलं की रंगारी म्हणे, "दोर सुटला." कुणाचा, कसा, ते नाही.

पण म्हणून तो ढोंगी होता, असं कुणी समजू नये. देवानं आपल्याला उचललं हे तो सांगायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. त्याची साक्ष ऐकून माणसं देवाकडे वळली हेही तितकंच खरं. एका सुतारानं बाटली सोडली, रुसून माहेरी गेलेली एक सून परत आली. रंगारी दर वेळी घरी येऊन बायकोला ते सांगायचा आणि दोघं मिळून देवाचे आभार मानायचे. या सगळ्यात एकच माणूस असा होता ज्याच्यावर या साक्षीचा काडीइतका परिणाम झाला नव्हता, तो म्हणजे त्याचा साडू. साडू बसड्रायव्हर होता. बायकोला चर्चच्या फाटकाशी सोडून तो तिथूनच मागं वळे. रंगाऱ्यानं त्याला दोनदा साक्ष ऐकवली होती, एकदा घरी आणि एकदा बसमध्ये. दोन्ही वेळा साडू म्हणाला होता, "छान आहे. सिनेमा काढा."

बायकोनं ती मजल्यांची चेष्टा केली त्यालाही दोन महिने झाले होते. दुसऱ्या गावच्या मंडळीनं त्याला वर्धापनदिनाला बोलावलं. साक्ष झाली, चहा सुरू झाला. रंगारी कप घेऊन उभा होता तेव्हा साठीची एक किडकिडीत बाई त्याच्यापाशी आली. बोटांवर सुईच्या खुणा होत्या.

"मी मौनीची बायको," ती म्हणाली.

मौनी गाव सोडून गेल्याचं रंगाऱ्यानं ऐकलं होतं, पण कुठं गेला हे विचारायचं त्यानं वीस वर्षं टाळलं होतं. मौनीला देवाघरी जाऊन चार वर्षं झाली होती. ती हसून सांगू लागली की घरी प्रार्थनेला चार माणसं जमली आणि कुणी फारच आग्रह केला तर तेही ही गोष्ट सांगायचे. "पण त्यांच्या गोष्टीत तुम्ही दुसऱ्या मजल्यावरून पडायचात, आणि वाळूवर. दोर सुटला कसा म्हणून मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, दोर जुना होता."

रंगाऱ्यानं कप तसाच ठेवला आणि मिळेल ती बस पकडली. दोर जुना नव्हता. त्याच आठवड्यात नवीन आणलेला दोर होता तो, त्यानं स्वतः कापला होता. मौनी उभ्या जन्मात एकच खोटं बोलला असेल, आणि तेही या माणसाला झाकण्यासाठी. आणि हा माणूस गावोगाव देवाच्या नावानं उभा राहून त्याच जागेवर पांघरूण ओढत होता.

पुढचे तीन रविवार त्यानं बोलावणी परत पाठवली. अंग मोडून आलंय म्हणाला. चौथ्या रविवारी सकाळी नाश्त्याला बसला असताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं. एक वेढा, मुकादम, 'मौनीची' हा शब्द, सगळं. बायकोनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"गाठीचं मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण इतक्या वर्षांत तुम्ही त्या फळीपाशी आलात की घाईत बोलता, एवढं मला माहीत होतं. मी वाट बघत होते."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही आणखी एक मजला चढला असतात."

तिनंच त्याचा शर्ट काढून दिला आणि मौनीच्या बायकोकडे आधी जा, मग बाकीच्यांकडे, असं बजावलं. तो गेला. दोन खोल्यांचं घर होतं, बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र. मौनीची बायको कुणाच्यातरी झग्याला काठ लावत होती. रंगाऱ्याला बोलण्याची कला होती, पण त्या दिवशी ती कामी आली नाही. तो अडखळत बोलला. यंत्राचं चाक तिनं हातानं थांबवलं होतं.

"त्यांना ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

मग तिनं त्या वर्षाचं सांगितलं. मौनीला कुठल्याच टोळीनं घेतलं नव्हतं, ज्याच्या गाठी सुटतात त्याला कोण घेणार? तो गोदामात पोती उचलायचा. त्याची पाठ त्याच वर्षी गेली. ती आवाज न चढवता सांगत होती, आणि तेच रंगाऱ्याला ऐकवत नव्हतं. त्यानं माफी मागितली. ती म्हणाली, "त्यांनी तर तुम्हाला केव्हाच माफ केलंय, ते काही मी आता परत घेऊ शकत नाही. पण मला राग आलाय. तो जाईल. आज नाही जाणार." जरा वेळानं तिनं पुन्हा चाक फिरवलं आणि म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना साक्ष देता ना? मग हेही द्या."

उपकारस्मरणाची उपासना महिन्याभरावर होती. रंगाऱ्यानं पाळकांना आधी कल्पना दिली. पाळक तरुण होते. ते थोडा वेळ विचार करत बसले, कारण याच साक्षीवर विश्वास ठेवणारी कितीतरी माणसं समोर बसणार होती. शेवटी ते म्हणाले, सांगा, मी पहिल्या बाकावर बसतो.

त्या दिवशी चर्च भरलं होतं. उपासनेनंतर जेवण होतं, म्हणून साडूही आला होता आणि शेवटच्या बाकावर घड्याळ बघत होता. मौनीची बायको सकाळच्या बसनं आली आणि रंगाऱ्याच्या बायकोशेजारी बसली. रंगारी उभा राहिला. नेहमी तो पुढं-मागं फिरत बोलायचा, आज त्यानं दोन्ही हातांनी पुढचा कठडा धरला.

"मी दुसऱ्या मजल्यावरून पडलो," तो म्हणाला. "पाचव्या नाही. खाली वाळू होती. गाठ माझी होती. मला जेवायची घाई होती म्हणून मी ती अर्धी सोडली, आणि नाव दुसऱ्याचं सांगितलं. त्याचं काम गेलं. तो माझी दाढी करायला आला. त्यानं मला प्रभूबद्दल सांगितलं, आणि वीस वर्षं मी तुम्हाला त्याच्याबद्दल खरं सांगितलं नाही. त्याची बायको इथं बसलीय. देवानं मला परांचीवरून पडताना धरलं, असं मी सांगत आलो. मला वाटतं, पडताना मला वाळूनं धरलं. देवानं धरलं ते नंतर, त्या माणसाच्या हातानं. त्याबद्दल आभार मानायला मी उभा आहे."

मग त्यानं मौनीचे ते शब्द सांगितले, मुलीचे, दुखऱ्या पायांचे. त्यात स्वतःचं काहीही घातलं नाही. सगळं मिळून पाच मिनिटंही झाली नसतील. तो खाली बसला. आपलं संपलं, असं रंगाऱ्याला वाटलं. आता कुणी बोलावणार नाही, आणि बरोबरच आहे ते. पण गंमत अशी की त्याला हलकं हलकं वाटत होतं. वीस वर्षांत साक्ष दिल्यावर त्याला समाधान वाटायचं, टाळ्या मिळाल्यासारखं. हे ते नव्हतं. आभार मानायला उभा राहिलो आणि खरोखरच आभार मानले, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

जेवणाच्या पंगतीत काही जण त्याच्याकडे न बघताच गेले. एका म्हातारीनं तोंडावर सांगितलं की तिला पाचवा मजला जास्त आवडायचा. सुतार आला, खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, मजल्यासाठी मी बाटली सोडली नव्हती, तुमच्या रडण्यासाठी सोडली होती, आणि ते खरं होतं. मौनीच्या बायकोनं ताट धुऊन ठेवलं, पदराला हात पुसले आणि जाता जाता रंगाऱ्यापाशी थांबून दोनच शब्द बोलली, "राग गेला." तिला बसपर्यंत सोडायला रंगाऱ्याची बायको गेली. तेव्हापासून दोघी महिन्याकाठी एकमेकींकडे जातात, आणि मुलींचे सगळे कपडे तिच्याकडेच शिवायला पडतात.

साडू त्या दिवशी जेवून गेला. पण बुधवारी संध्याकाळी, ड्युटी संपवून, गणवेशातच तो रंगाऱ्याच्या दारात उभा राहिला. आत येऊन बसला, पाणी प्यायला.

"ती सिनेमावाली गोष्ट मला कधी पटली नव्हती," तो म्हणाला. "रविवारची पटली. मग तीन दिवस झोप नाही. मलाही एक सांगायचंय, साडू. माझी आई गेली तेव्हा मला रजा मिळाली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलंय ना? मी रजा मागितलीच नव्हती. मला तिला तसं बघायची भीती वाटत होती. ती माझं नाव घेत होती म्हणे."

रंगाऱ्याकडे अशा वेळी बोलायला एरवी ढीगभर वचनं असायची. आज मात्र त्यानं नुसता साडूचा हात धरला. साडू रडला, आणि स्वयंपाकघरातून रंगाऱ्याच्या बायकोनं भांड्यांचा आवाज बंद केला. मग साडूनं विचारलं की हे घेऊन आता कुठं जायचं. रंगारी म्हणाला की मी जिथं गेलो तिथंच, दुसरी जागा मला माहीत नाही. दोघांनी मिळून प्रार्थना केली. साडूला शब्द येत नव्हते. रंगाऱ्यानं त्याला आधी स्वतः म्हणून दाखवले आणि मग थांबून त्याला म्हणू दिले.

मोठ्या सभांची बोलावणी पुढं कमी झाली, ही गोष्ट खरी. रंगाऱ्याला थोडं लागलंही, माणूसच तो. पण दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्या बाहेरच्या खोलीत दहा-बारा माणसं प्रार्थनेला जमू लागली. कुणी पलंगावर बसे, कुणी रंगाच्या रिकाम्या डब्यांवर फळी टाकून. काही महिन्यांनी एका गुरुवारी कुणाला काही सांगायचंय का, असं रंगाऱ्यानं विचारलं, आणि साडू उठला. त्याची बायको चपापून त्याच्याकडे बघू लागली, कारण आईचं तिला अजून माहीत नव्हतं. साडूला बोलता येत नव्हतं. तो गाडी चालवल्यासारखा समोर बघत बोलला, मध्येच थांबला, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी सांगितलं. तेवढ्यात त्याच्या बायकोनं हात पुढं करून त्याची बाही धरली आणि तो संपवेपर्यंत सोडली नाही.

रंगारी कोपऱ्यात बसून ऐकत होता. एक-दोनदा त्याला वाटलं, इथं आपण मदत करावी, हे वाक्य असं हवं. त्यानं जीभ आवरली. मनातल्या मनात तो एकेकाचं नाव घेऊन देवाचे आभार मानू लागला, आणि यादी इतकी लांबली की प्रार्थना संपल्याचं त्याला कळलंच नाही. बायकोनं कोपरानं ढोसून चहाचे कप वाटायला सांगितलं, तेव्हा तो उठला.